ग्राहक : शेळी

महादेवी मुळे ही अणदूरच्या शाळेत सहावी-सातवीला माझी विद्यार्थिनी होती. आता ती येरमाळ्यात माझ्या घरापासून चार घरं सोडून राहते. तिचं सासर इथलं, आणि निवृत्तीनंतर मुलाचं हमरस्त्यावरचं दुकान म्हणून मीही इथंच येऊन राहिलो. त्यामुळे जिला पाढे म्हणताना पाहिलं, तिला आता रोज सकाळी पावणेआठच्या एसटीसाठी घाईनं जाताना पाहतो. उंचीनं ठेंगणी, खांद्याला कापडी पिशवी, चालताना मान किंचित पुढे. आवाज बारीक. नव्या माणसाला ती भिडस्त वाटते. तो समज साधारण आठ दिवस टिकतो.

माझा समज ती सातवीत असतानाच गेला. मी मुलांना मटकी भिजवून मोड कधी येतात याची नोंद ठेवायला सांगितली होती. पुस्तकात तीन दिवस दिले होते. मार्चच्या उकाड्यात तिच्या मटकीला दीड दिवसातच मोड आले. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते, म्हणून मी तिच्या वहीवर बोट ठेवून म्हणालो की तीन कर, सगळ्यांच्या वह्या सारख्या दिसू देत. तिनं मान हलवली आणि वही नेली. साहेबांनी नेमकी तीच वही उघडली. त्यात दीड दिवस तसाच होता आणि खाली एक ओळ वाढवलेली होती : 'गुरुजींनी तीन लिहायला सांगितले.' साहेब हसले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढं ती मराठीत एम.ए. झाली, सेटची परीक्षा पहिल्याच खेपेला पास झाली. कळंबच्या वाटेवर एक महाविद्यालय आहे, त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथं ती अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत, नवा आदेश, आणि परीक्षा संपल्या की सगळं संपलं. अकरा वेळा तिनं त्याच खुर्चीसमोर बसून आपलं नाव आणि शिक्षण सांगितलं आहे. समोर बसलेल्यांपैकी दोघांची मुलं तिनंच शिकवलेली आहेत.

गेल्या जूनमध्ये विद्यापीठाचं परिपत्रक आलं की उद्योजकता आणि नवोपक्रम हा विषय आता सगळ्या शाखांना शिकवायचा, बी.ए.लासुद्धा. वाणिज्य आणि विज्ञानाच्या मुलांना तो वाणिज्यचे सर शिकवणार हे लगेच ठरलं. बी.ए.चा प्रश्न आला तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीत सगळे चहाच्या कपात बघू लागले. इतिहासाचे सर म्हणाले, आता या वयात मला दुकान मांडायला लावू नका. महादेवीचे तास भरत नव्हते. प्राचार्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि ती हो म्हणाली.

पहिल्या तासाला तिनं अडतीस मुलांना एकच प्रश्न लिहायला दिला : तुम्हाला काय सुरू करायचं आहे? बावीस जणांनी वडापावचा गाडा लिहिला. नऊ जणांनी मोबाइलचं दुकान. उरलेल्यांत ब्यूटी पार्लर, डीजे आणि दोन स्पर्धा परीक्षांचे क्लास होते. एकानं, गोरोबा नावाच्या मुलानं, लिहिलं होतं : अजून काही पाहिलं नाही, म्हणून सांगता येत नाही. तो कागद तिनं संध्याकाळी माझ्याकडं आणून दाखवला. म्हणाली, गुरुजी, एवढा एक तरी खरा निघाला.

दुसऱ्या तासाला पुस्तकात भागीदारी होती. तिनं पुस्तक मिटलं आणि आमच्या अणदूरचा खंडोबा सांगितला. देव वर्षातले बरेचसे महिने अणदूरला असतो आणि थोडे महिने नळदुर्गला. नेताना आणि आणताना दोन्ही गावचे मानकरी बसून लेखी करार करतात. कोणत्या दिवशी न्यायचा, कधी परत आणायचा, कुणाकडं काय जबाबदारी, सगळं कागदावर. तिनं मुलांना विचारलं की दोन गावांत एकच देव कसा टिकला असेल. एक मुलगी म्हणाली, भीतीनं. दुसरा म्हणाला, भक्तीनं. गोरोबा म्हणाला, परत आणायची तारीख आधीच लिहितात म्हणून. तिनं त्या दिवशी तेवढंच शिकवलं.

मग तिनं नियम केला की कुणीही वर्गात बसून कल्पना काढायची नाही. आपल्या घरचं किंवा शेजारचं एक काम आठ दिवस नुसतं बघायचं आणि ते कुठं अडतं ते लिहून आणायचं. अडतीस जणांनी अडतीस कामं बघितली. त्यांतलं गोरोबाच्या घरचं सगळ्यांनी मिळून निवडलं.

गोरोबाचं घर येडशीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी, वस्तीवर. त्याची आजी कस्तुराबाई चाळीस शेळ्या राखते. आपल्या भागातली काळी, लांब कानांची शेळी. तिची एक खोड सगळ्या शेळीवाल्यांना ठाऊक आहे. खाली पडलेला, तुडवलेला पाला ती तोंडात धरत नाही. म्हणून कस्तुराबाई बाभळीच्या आणि सुबाभळीच्या डहाळ्यांची पेंढी करून दोरीनं आढ्याला टांगते. पण एका दोरीवरची पेंढी दांडगी शेळी हिसका देऊन ओढते, सुटून निम्मा पाला खाली येतो आणि वाया जातो. उन्हाळ्यात म्हातारीला त्या पाल्यासाठी दोन कोस डोंगर चढावा लागतो. गोरोबानं हे जन्मापासून पाहिलं होतं. आठ दिवस वही घेऊन बसल्यावर त्याला पहिल्यांदा दिसलं.

किती पाला वाया जातो हे मोजायला पाहिजे होतं. बी.ए.च्या मुलांना ते जमेना. महादेवी विज्ञान शाखेत गेली आणि तिथल्या सरांच्या नापसंतीकडं दुर्लक्ष करून हर्षाली नावाच्या मुलीला घेऊन आली. हर्षालीनं ताणकाटा आणला. टांगताना पेंढी दहा किलो, संध्याकाळी खाली पडलेला पाला चार. सात दिवस रोज मोजलं. वाणिज्यचे सर स्टाफरूममध्ये म्हणाले, मुळे मॅडमनी लेंड्या मोजायचा विषय काढलाय. ती म्हणाली, अजून पाल्यापर्यंतच आलोय सर, लेंड्यांना वेळ आहे.

मुलांनी येरमाळ्याच्या स्टँडजवळच्या सायकलवाल्याकडून जुनी रिंग आणली. ती आडवी टांगायची, भोवतीनं छोट्या पेंढ्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधायच्या, म्हणजे चहूबाजूंनी शेळ्या खातील. दिसायला फार छान दिसत होतं. मुलांनी फोटो काढले. कस्तुराबाई खाटेवर बसून बघत होती, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी टिकली नावाच्या शेळीचं शिंग आऱ्यांत अडकलं आणि ती रिंगसकट गोठ्यात नाचली. म्हातारीनं तिला सोडवली, रिंग बाहेर फेकली आणि संध्याकाळपर्यंत तशीच बसली. मुलं आली तेव्हा खाली मान घालून उभी राहिली. महादेवीनं विचारलं, मावशी, कालच का नाही बोललात?

कस्तुराबाई म्हणाली, "मला कुठं इचारलं? आन् मला इचारून तरी काय करताव बाई? म्या पाला टाकते. खाणारी ती हाय. तिला इचारा."

"तिला कसं विचारायचं?"

"बांधायचं आन् गुमान बसून बघायचं. खाल्लं तर व्हय, न्हाय खाल्लं तर न्हाय. ती काय तुमच्यावाणी मन राखत न्हाय कुणाचं."

मुलांनी आरे काढले. मग रिंग दोन दोऱ्यांवर कलंडायला लागली. कस्तुराबाईनं आपणहून तीन दोऱ्या शिंक्यासारख्या बांधून दिल्या. मग करडांना उंची पुरेना. तेव्हा लहान मुलांच्या सायकलची रिंग खालच्या अंगाला आली. प्रत्येक वेळी अडतिसांपैकी चार-पाच जण गोठ्याच्या दाराशी गप्प बसून बघायचे, आणि हर्षाली मोजायची. चारचे अडीच झाले, अडीचचे सव्वा. मराठीच्या मुलांनी कसं बांधायचं ते एका कागदावर लिहून काढलं. इतर वस्त्यांवरच्या शेळीवाल्यांत वाचणारं फार कुणी नव्हतं, म्हणून अयोध्या नावाच्या मुलीनं तेच घरच्या बोलीत बोलून फोनवर पाठवलं. नोव्हेंबरपर्यंत अकरा वस्त्यांवर अशा रिंगा टांगल्या गेल्या. एका बाईनं रिंगऐवजी फुटक्या चाळणीची कड वापरली, एका म्हाताऱ्यानं कळकाचं कडं केलं. मुलांनी ते बदलही वहीत लिहिले.

डिसेंबरात विद्यापीठाची समिती आली. बी.ए.चा हा विषय महाविद्यालयानं आपल्याच शिक्षकाकडून शिकवावा की एका बाहेरच्या कंपनीचा तयार अभ्यासक्रम घ्यावा, हे समितीला ठरवायचं होतं. कंपनीचा अभ्यासक्रम म्हणजे फोनवर चित्रफिती बघायच्या आणि चार पर्यायांतला एक दाबायचा. प्राचार्यांचा कल कंपनीकडं होता आणि त्यांनी तो लपवला नव्हता. शिक्षक लागत नाही, गोठे लागत नाहीत, प्रमाणपत्र रंगीत मिळतं. महादेवीला पाहिजे होतं ते एकच : हा विषय बी.ए.च्या मुलांनी हातानं आणि डोळ्यांनी शिकायचा, फोनवर नाही. तो गेला तर तिचे दोन तास जाणार होतेच, पण त्याबद्दल ती बोलत नव्हती.

समितीला परिसरातले नागरिक भेटवायचे असतात, म्हणून मला बोलावणं होतं. मी मागच्या बाकावर बसलो होतो. अध्यक्ष साठीच्या आसपासचे, बोलायला मऊ. त्यांनी आधी वाणिज्यच्या मुलांचे तक्ते पाहिले. त्यात सेंद्रिय गूळ होता, घरपोच दूध होतं, सगळ्यांत वर चढत जाणारी रेघ होती. मग बी.ए.चा एकच तक्ता आला. विद्यापीठाच्या नमुन्यात चार रकाने होते : कल्पनेचा मालक, ग्राहक, किंमत, वर्षातली विक्री. मुलांनी ते भरले होते. मालकाच्या रकान्यात बारीक अक्षरांत एकेचाळीस नावं. अडतीस बी.ए.ची, एक हर्षाली, एक कस्तुराबाई, आणि एक ते कळकाचं कडं करणारे म्हातारे. किंमत : जुनी रिंग मिळेल तशी. विक्री : शून्य. आणि ग्राहकाच्या रकान्यात एकच शब्द : शेळी.

अध्यक्ष हसले. त्यांचे सोबती जोरात हसले. मग प्राचार्य हसले, आणि वाणिज्यच्या मुलांना हसायला परवानगी मिळाली. गोरोबाचे कान लाल झाले. रकाना त्यानं भरला होता.

अध्यक्षांनी प्रेमानंच विचारलं की ही चूक कुणाच्या लक्षात आली नाही का.

महादेवी उठून उभी राहिली. म्हणाली, "चूक नाही सर. घ्यायचं की नाकारायचं हे जो ठरवतो तो ग्राहक, असंच पुस्तकात आहे."

"पण मॅडम, निर्णय शेतकरी घेतो."

"आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. कस्तुराबाई नाही म्हणाल्या असत्या, तर मुलांनी त्यांना गोड बोलून पटवलं असतं. फोटो तर काढून झालेच होते. शेळीला पटवता येत नाही. तिनं दोनदा नाकारलं म्हणून हे नीट झालं. ग्राहक तीच आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणाले की काम गोड आहे, मला आवडलं, पण नमुन्यात बसत नाही. ग्राहक शेतकरी करा, मालक म्हणून एका विद्यार्थ्याचं नाव टाका, किंमत आणि अपेक्षित विक्रीचे दोन आकडे घाला. चार वाजेपर्यंत सुधारून द्या, मी सही करतो, विषय तुमच्याकडंच राहील.

प्राचार्यांचा चेहरा खुलला. त्यांनाही अखेर बरंच झालं असतं. भांडण नको होतं त्यांना. ते म्हणाले, "झालं तर मग. मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे."

मी मागून तिची मान पाहत होतो. ती किंचित पुढे झाली.

"सर, अपेक्षित विक्रीचा आकडा कुठून आणायचा?"

"अंदाजानं टाका."

"पहिल्या तासापासून मी यांना सांगत आले की बघितल्याशिवाय लिहायचं नाही. आता चार वाजता मीच अंदाजानं टाका म्हटलं, तर उद्या वर्गात कोणत्या तोंडानं उभी राहू? आणि एकेचाळिसांतल्या चाळीस जणांना काय सांगू, तुम्ही बघितलंच नाही म्हणून?"

"हे नुसतं कागदापुरतं आहे मॅडम."

"कागदापुरतंच तर शिकवायचं नाही म्हणून हा विषय सगळ्या शाखांना आला ना सर? तुमच्याच परिपत्रकात आहे. पहिल्या पानावर, तिसरी ओळ."

अध्यक्षांच्या सोबत्यानं परिपत्रक उघडून तिसरी ओळ वाचली आणि पुन्हा मिटलं. चार वाजले. तक्ता तसाच गुंडाळून तिनं गोरोबाच्या हातात दिला. जाता जाता प्राचार्य मला म्हणाले, गुरुजी, तुमच्या विद्यार्थिनीला जरा समजवा. मी म्हणालो, मी एकदा प्रयत्न केला होता साहेब, साहेबांसमोर माझंच नाव निघालं.

जानेवारीत पत्र आलं. ग्राहकाची संकल्पना अस्पष्ट, मालकी अस्पष्ट, विक्री नाही. सबब कला शाखेनं कंपनीचा ऑनलाइन अभ्यासक्रम स्वीकारावा. एका शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत विद्यार्थ्यांची नोंदणी करावी. प्राचार्यांनी पत्राची प्रत फलकावर लावली आणि महादेवीला एक प्रत दिली.

तिनं काय केलं ते मला गोरोबा, हर्षाली आणि तिच्या स्वतःच्या तोंडून कळलं. तिघांच्या सांगण्यात फरक नाही, एवढंच की गोरोबाच्या सांगण्यात गोरोबा जरा जास्त बोलतो.

तिनं ते पत्र मराठीच्या तासाला शिकवायला घेतलं. अभ्यासक्रमात कार्यालयीन मराठी असतेच. प्रत्येकाला एक एक वाक्य मोठ्यानं वाचायला लावलं आणि आपल्या शब्दांत सांगायला लावलं. सबब म्हणजे काय, विहित म्हणजे काय, उपरोक्त म्हणजे वर सांगितलेलं. मुलांना कंटाळा आला. पण दुसऱ्या पानाचं शेवटचं वाक्य अयोध्येच्या वाट्याला आलं. ती अभ्यासात मधली, बोलायला लाजाळू. तिनं वाचलं : 'विहित मुदतीत किमान निम्म्या विद्यार्थ्यांची संमतीपूर्वक नोंदणी न झाल्यास महाविद्यालयाची सध्याची व्यवस्था पुढील दोन वर्षे चालू ठेवावी.' महादेवीनं विचारलं, याचा अर्थ सांग. अयोध्येनं ते वाक्य बोट फिरवत पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, म्हणजे आम्ही हो म्हटलं तरच. महादेवी म्हणाली, बरोबर, बस. आणि घंटा झाली. त्यापुढं ती एक शब्द बोलली नाही, मी तिला दोनदा विचारून खात्री करून घेतली आहे.

शुक्रवारी कंपनीचा माणूस आला. रणधीर नावाचा, पंचविशीतला, पुण्याहून पहाटे निघालेला. संगणकाच्या खोलीत लॅपटॉप लावून बसला. पद्धत सोपी होती. हजेरीपटावरचा मोबाइल नंबर त्यानं टाकायचा, मुलाच्या फोनवर ओटीपी येणार, मुलानं तो सांगायचा, की झाली संमती. हजेरीपटावर पहिलं नाव अयोध्येचं.

नंबर टाकला. तिच्या हातातला फोन वाजला.

"आला का?" रणधीरनं विचारलं.

"आला."

"सांगा."

अयोध्येनं मेसेज पूर्ण वाचला. मग हळू आवाजात म्हणाली, "सर, ह्यात लिहिलंय, हा क्रमांक कुणालाही सांगू नका."

"अहो ते सगळ्यांनाच येतं. मला सांगायचा असतो."

"कुणालाही लिहिलंय, सर."

रणधीरला वाटलं मुलगी घाबरली आहे. त्यानं समजावलं की मी कंपनीचाच माणूस आहे. मागून गोरोबा म्हणाला की गेल्या वर्षी माझ्या चुलत्याला फोन आला होता, तो पण बँकेचाच माणूस होता. खोलीत हशा पिकला. रणधीरनं दुसरं नाव घेतलं. दुसऱ्यानं फोन वाचला आणि म्हणाला, सांगायचं न्हाय म्हणतंय सर. तिसऱ्या मुलीनं मेसेज तोंडपाठ म्हणून दाखवला, क्रमांक सोडून. दहाव्या नावापर्यंत रणधीरला कळलं की इथं कुणी घाबरलेलं नाही. दुपारी दोनला तो प्राचार्यांकडं गेला.

प्राचार्य आले. त्यांनी मुलांना रागावून पाहिलं, मग समजावून पाहिलं. रंगीत प्रमाणपत्र सांगितलं. मुलं उभी राहून ऐकत होती, फोन खिशात. शेवटी त्यांनी महादेवीला तासावरून बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, मुलांना सांगा ओटीपी द्यायला."

"मी नाही सांगणार सर."

"तुम्हीच शिकवलंय त्यांना हे."

"मी पत्र वाचायला शिकवलं. तुम्हीच दिलेलं पत्र. पूर्ण वाचलं त्यांनी, एवढीच गोष्ट आहे."

"मी तुम्हाला प्राचार्य म्हणून सांगतोय."

"मला सांगू शकता सर, मी तुमच्याकडं नोकरीला आहे. संमती त्यांची आहे. ती मला मागता येत नाही आणि तुम्हालाही घेता येत नाही."

प्राचार्य जवळ आले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "जूनला माझ्याकडंच यायचंय तुम्हाला."

"हो सर. येईन. अर्ज घेऊनच येईन."

हे ती मोठ्यानं बोलली. हर्षाली सांगते की तिला ते बाहेर व्हरांड्यात ऐकू आलं, आणि मॅडमचा आवाज एवढा खणखणीत तिनं गोठ्यावरसुद्धा कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर कुणी कुठं गेलं नाही. महादेवी दाराजवळच्या खुर्चीवर बसून मराठीच्या वह्या तपासू लागली. मुलं भिंतीला टेकून बसली. हर्षाली विज्ञानाची, तिची नोंदणी नव्हतीच, तरी तीही येऊन बसली. रणधीरनं दर अर्ध्या तासानं हजेरीपट वरपासून खाली पुन्हा वाचला. प्रत्येक नावाला फोन वाजायचा, प्रत्येक जण वाचायचा आणि नम्रपणे नाही म्हणायचा. तीनच्या सुमारास कुणीतरी डबा उघडला. त्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. रणधीर सकाळपासून उपाशी होता, त्यालाही दिली. खाताना त्यानं विचारलं की तुमचं असं काय आहे त्या शेळ्यांचं. गोरोबानं त्याला फोनवरचा फोटो दाखवला, तिसऱ्या रिंगचा, म्हातारीनं दोऱ्या बांधलेल्या. रणधीरनं फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, हिला आरे का नाहीत? मग गोरोबाला पाऊण तास पुरला नाही.

पाच वाजले. रणधीरनं घड्याळ पाहिलं, लॅपटॉप बंद केला आणि बार्शीची गाडी किती वाजता मिळेल असं विचारलं. कारकून नोंदणीचा तक्ता घेऊन आले. एकूण विद्यार्थी अडतीस. नोंदणी झालेले, या रकान्यापुढं काय लिहू, असं त्यांनी प्राचार्यांना विचारलं.

प्राचार्यांनी एकदा मुलांकडं पाहिलं. ती सगळी उभी राहिली होती. ते खोलीत आले की उभं राहायचं, हे त्यांनीच शिकवलेलं. ते म्हणाले, "निरंक लिहा." आणि सही केली.

हे मी लिहितोय तेव्हा मे संपत आला आहे. विषय बी.ए.ला दोन वर्षं महाविद्यालयाच्याच शिक्षकानं शिकवायचा हे आता पक्कं झालं. वाणिज्यच्या सहा मुलांनी लेखी मागितलंय की आम्हालाही गोठ्यावर न्या. शिक्षक कोण, हे मात्र अजून ठरलेलं नाही. प्राचार्य काय करतील ते मला सांगता येत नाही, आणि महादेवीलाही येत नाही. काल ती अर्ज भरायला माझ्या ओसरीवर बसली होती, कारण तिच्या घरी पाहुणे होते. अर्जात एक रकाना आहे : अध्यापनाचा विषय. बोटभर रुंदीचा. मी म्हणालो, मराठी एवढंच लिही, उगीच डोळ्यांवर येऊ नको यंदा, आधी आदेश हातात पडू दे.

तिनं मान हलवली. मग पेनाचं टोक कागदावर टेकवून अक्षर बारीक केलं आणि त्या बोटभर जागेत दोन ओळी लिहिल्या. वर मराठी. खाली उद्योजकता आणि नवोपक्रम, कला शाखा.